पावणेएकोणीस मिनिटांचा हिशेब

१८.२, १७.७ आणि १७.४. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २००९-१० च्या बास्केटबॉल संघाची ओळख बहुतेक वेळा या तीन आकड्यांनी करून दिली जाते. जॉन शायर, काइल सिंगलर आणि नोलन स्मिथ यांचे हे सामन्यामागचे सरासरी गुण. बेरीज ५३.३. संघ सामन्याला साधारण ७७ गुण करायचा, म्हणजे दर दहा गुणांतले जवळपास सात या तिघांच्या हातून यायचे. तिघांची आडनावं इंग्रजी ‘एस’ने सुरू होतात, त्यामुळे मथळे देणाऱ्यांचीही सोय झाली.

संघाच्या आकडेवारीच्या त्याच तक्त्यात आणखी एक नाव आहे, ब्रायन झूबेक. सेंटर, उंची ७ फूट १ इंच, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. गुण ५.६. मिनिटं १८.७, म्हणजे ४० मिनिटांच्या सामन्यात पावणेएकोणीस. गुणांच्या रकान्यावरून नजर फिरवणारा वाचक इथे थांबणार नाही.

त्या हंगामात ड्यूकने ४० सामन्यांपैकी ३५ जिंकले आणि ५ एप्रिल २०१० रोजी इंडियानापोलिसमध्ये बटलर विद्यापीठाला ६१-५९ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक माइक शशेफ्स्की यांचं ते चौथं विजेतेपद. माझ्या मते त्यातला झूबेकचा वाटा ५.६ या आकड्याच्या कितीतरी पट मोठा होता. हे पटवून देण्यासाठी आठवणींचा आधार घ्यायची गरज नाही. त्याच तक्त्यातले उरलेले रकाने नीट वाचले की काम भागतं.

पहिला रकाना रिबाउंडचा. नेम चुकला की रिंगवरून किंवा बोर्डवरून उसळलेला चेंडू जो ताब्यात घेतो त्याच्या नावावर रिबाउंड पडतो. झूबेकचे सामन्याला ७.७ रिबाउंड होते, संघात सर्वांत जास्त. दुसऱ्या क्रमांकावरच्या सिंगलरचे साधारण ७, पण सिंगलर सामन्याला जवळपास ३६ मिनिटं मैदानावर असायचा. झूबेकने त्याच्या निम्म्या वेळात त्याच्याहून जास्त चेंडू गोळा केले. ७.७ ला १८.७ ने भागून ४० ने गुणलं की साडेसोळा येतात. पूर्ण सामन्यामागे साडेसोळा रिबाउंडचा वेग महाविद्यालयीन खेळात फार थोड्यांना जमतो.

हा गुणाकार जपून वापरावा लागतो. झूबेक ४० मिनिटं खेळूच शकला नसता. महाविद्यालयीन नियमांत पाच वैयक्तिक फाउल झाले की खेळाडू बाहेर जातो आणि फाउल हे झूबेकचं जुनं दुखणं होतं. अवाढव्य शरीर, पावलं जड, त्यात पायाचं हाड दोनदा मोडलेलं. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात एकदा आणि पुढच्या हंगामाच्या मध्यावर पुन्हा. शस्त्रक्रिया आणि बरं होण्याची वाट पाहणं यांत त्याच्या चार वर्षांतला मोठा काळ गेला. म्हणून त्याची मिनिटं कमी होती, आणि मिनिटं कमी म्हणून गुणांची सरासरीही कमी.

तरी खरी गोष्ट ७.७ च्या पोटात आहे. त्यातले जवळपास निम्मे रिबाउंड स्वतःच्या संघाचा नेम चुकल्यावरचे, म्हणजे आक्रमक रिबाउंड होते. बचावात रिबाउंड मिळवणं तुलनेनं सोपं, कारण बचाव करणारा खेळाडू रिंग आणि प्रतिस्पर्धी यांच्या मधे आधीच उभा असतो. आक्रमण करणाऱ्याला त्याला वळसा घालून, रेटून किंवा त्याच्या डोक्यावरून हात घालून चेंडू मिळवावा लागतो. त्या काळी महाविद्यालयीन संघ आपल्या चुकलेल्या नेमांपैकी सरासरी एक तृतीयांश चेंडूच परत मिळवायचे. हा तिसरा हिस्सा मैदानावरच्या पाच जणांत सारखा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पावणेसात टक्के येतात. झूबेक मैदानावर असताना ड्यूकच्या दर पाच चुकलेल्या नेमांपैकी एक चेंडू तो एकटा परत आणायचा. वीस टक्क्यांहून थोडं जास्तच. सरासरी खेळाडूच्या तिप्पट.

याची किंमत गुणांत काढता येते. डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात सामना जिंकण्याची चार कारणं वेगळी काढली आणि त्यांना अंदाजे वजनं दिली: नेमबाजीला ४० टक्के, चेंडू न गमावण्याला २५, रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५. रिबाउंडचं वजन २० का, ते ड्यूकच्या बाबतीत उघड दिसतं. हा संघ नेमबाजीत चांगला होता पण अफाट नव्हता. एकूण नेमांपैकी साधारण ४४ टक्केच बसायचे. म्हणजे निम्म्याहून जास्त नेम चुकायचे. तरीही प्रत्येक चेंडूमागे गुण करण्याच्या हिशेबात हा संघ त्या वर्षी देशात सर्वांत वर होता. नेम ४४ टक्के आणि आक्रमण अव्वल, हे कोडं आक्रमक रिबाउंडने सुटतं. ड्यूक आपल्या चुकलेल्या नेमांपैकी सुमारे ४० टक्के परत मिळवत होता.

सामन्याला ३५ नेम चुकतात असं धरू. सरासरी संघाला त्यातले साडेअकरा-बारा परत मिळतील, ड्यूकला चौदा. दोन-अडीच जादा संधी. महाविद्यालयीन खेळात एका संधीची सरासरी किंमत साधारण एक गुण, आणि ड्यूकसारख्या संघाला त्याहून थोडी जास्त. म्हणजे एकट्या या सवयीतून सामन्याला अडीच-तीन गुणांची कमाई. झूबेकचे स्वतःचे आक्रमक रिबाउंड सामन्याला पावणेचारच्या आसपास. त्याच्या जागी एखादा बरा सेंटर असता तर त्यानेही निम्मे मिळवले असते असं उदारपणे धरलं, तरी झूबेकच्या नावावर दोन गुण निव्वळ उरतात. गुणांच्या रकान्यात हे दोन गुण कुठेच दिसत नाहीत, कारण ते शायरच्या, सिंगलरच्या किंवा स्मिथच्या नावावर जमा झालेले असतात. आणि अंतिम सामन्यातला फरक दोनच गुणांचा होता.

आपल्याकडच्या सामन्यांत ही नोंद आणखी तुटपुंजी असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मी स्कोअरशीट भरायला बसलो आहे. आंतरराष्ट्रीय नियमांच्या त्या मोठ्या कागदावर प्रत्येक खेळाडूपुढे फाउलसाठी पाच चौकोन असतात आणि उजवीकडे धावते गुण. रिबाउंडला जागाच नाही. गुण झाला की गुणांचा आकडा खोडायचा आणि शेजारी खेळाडूचा क्रमांक लिहायचा, फाउल झाला की चौकोनात ‘पी’ लिहायचा. रिंगखाली रेटारेटी करून सहा चेंडू काढून देणारा मुलगा त्या कागदावर सामन्याच्या शेवटी फक्त तीन-चार ‘पी’ म्हणून उरतो. झूबेक आपल्या एखाद्या विद्यापीठाच्या संघात असता तर त्याची कागदावरची ओळख ‘फार फाउल करणारा’ एवढीच राहिली असती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी निवड समितीच्या हातात तोच कागद असतो, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता तारखांकडे येऊ. हंगामाचे पहिले तीन महिने झूबेक राखीव बाकावरून यायचा. ड्यूककडे त्या वर्षी उंच खेळाडूंची रांग होती. लान्स थॉमस, माइल्स आणि मेसन प्लमली हे भाऊ, आणि झूबेक. कोणा एकाची जागा पक्की नव्हती. ३० जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाऊनने ड्यूकला ८९-७७ असं हरवलं. राष्ट्राध्यक्ष ओबामा तो सामना बघायला आले होते. जॉर्जटाऊनचे जवळपास ७२ टक्के नेम बसले. कोणत्याही बचावासाठी हा लाजिरवाणा आकडा आहे, कारण त्याचा अर्थ समोरचा संघ जवळजवळ हवं तेव्हा रिंगपाशी पोहोचत होता.

दोन आठवड्यांनी, १३ फेब्रुवारीला, घरच्या मैदानावर मेरिलँडविरुद्ध झूबेकला सुरुवातीच्या पाचात घेतलं गेलं. त्याने १६ गुण केले आणि १७ रिबाउंड घेतले. दोन्ही आकडे त्याच्या कारकिर्दीतले सर्वोच्च. ड्यूक ७७-५६ ने जिंकला. त्यानंतर तो पाचातून बाहेर गेला नाही.

त्या दिवसापर्यंत ड्यूक २० जिंकून ४ हरला होता. त्या सामन्यापासून हंगामाच्या शेवटापर्यंत १६ सामने झाले. १५ जिंकले, १ हरला. तो एकही मेरिलँडच्याच घरी, ३ मार्चला. टक्केवारी ८३ वरून ९४ वर गेली. इथे थांबून टाळ्या वाजवण्याचा मोह होतो, पण सोळा सामन्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढताना हात आखडता घ्यायला हवा. जिंकण्याची शक्यता सुरुवातीपासून शेवटपर्यंत ८३ टक्केच होती असं मानून गणित केलं, तर १६ पैकी १५ किंवा १६ सामने निव्वळ नशिबाने जिंकण्याची शक्यता साधारण २३ टक्के येते. म्हणजे चार-पाचांत एकदा हे आपोआपही घडू शकतं. त्यामुळे १५-१ हा आकडा एकटा पुरावा म्हणून मी मांडणार नाही. तो रिबाउंडच्या आकड्यांशेजारी ठेवला की त्याला वजन येतं, कारण मग काय बदललं आणि का बदललं हे दोन्ही दिसतं.

राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीतले सहा सामने त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. आर्कान्सा-पाइन ब्लफवर ७३-४४, कॅलिफोर्नियावर ६८-५३, पर्ड्यूवर ७०-५७, बेलरवर ७८-७१, वेस्ट व्हर्जिनियावर ७८-५७ आणि बटलरवर ६१-५९. सहा सामन्यांत ड्यूकने ३४१ गुण दिले, सरासरी ५६.८. साठच्या वर फक्त बेलर गेला. जानेवारीत जॉर्जटाऊनकडून ८९ खाल्लेला हाच संघ. कॅलिफोर्नियाविरुद्ध झूबेकचे १४ गुण आणि १३ रिबाउंड, पर्ड्यूविरुद्ध १४ रिबाउंड. बेलरच्या सामन्यात ड्यूकचे नेम धड बसत नव्हते, पण संघाने वीसहून अधिक आक्रमक रिबाउंड मिळवले. त्यातले आठ थॉमसचे, आणि हा थॉमससुद्धा गुणांच्या तक्त्यात खालीच सापडतो. तो सामना नोलन स्मिथच्या २९ गुणांसाठी लक्षात राहिला, ते योग्यच आहे. पण चुकलेला प्रत्येक चेंडू बेलरच्या हाती गेला असता तर २९ करायला स्मिथकडे चेंडू आला असता का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आक्रमक रिबाउंडनंतर झूबेक काय करायचा, हे चित्रफितीत बघण्यासारखं आहे. बहुतेक उंच खेळाडू चेंडू मिळाला की गर्दीतच पुन्हा वर उडी मारतात. झूबेकही तसं करायचा. त्याचे साठ टक्क्यांहून जास्त नेम बसायचे ते याच जवळच्या फेकींमुळे. पण अनेकदा तो चेंडू पकडायचाही नाही. दोन-तीन जणांच्या हातांवरून लांब हात वर घालायचा आणि बोटांनी चेंडू मागे, तीन गुणांच्या रेषेकडे ढकलायचा, जिथे शायर किंवा स्मिथ उभा असे. त्या क्षणी बचावाचे सगळे खेळाडू रिंगखाली आत ओढले गेलेले असतात, पाठ बाहेरच्या बाजूला, नजर वर. रेषेवरचा नेमबाज मोकळा. ड्यूकचे तीन गुणांचे नेम ३८ टक्क्यांच्या आसपास बसायचे. ०.३८ गुणिले तीन, म्हणजे अशा प्रत्येक फेकीमागे १.१४ गुण. मोकळा नेम असेल तर त्याहून जास्त. पहिली चूक झाल्यावर हाती आलेली दुसरी संधी अनेकदा पहिलीपेक्षा चांगली असायची.

आणि स्क्रीन. आपल्या नेमबाजामागे लागलेल्या बचावपटूच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं, म्हणजे नेमबाजाला अर्धा सेकंद मोकळा मिळतो. ११८ किलोंच्या माणसाने घातलेला स्क्रीन ओलांडणं म्हणजे भिंतीला धडकणं. शायर हा काही विजेच्या वेगाचा खेळाडू नव्हता. त्याला असा अर्धा सेकंद लागायचाच. स्क्रीनची नोंद त्या काळी कुठल्याच अधिकृत तक्त्यात नव्हती. व्यावसायिक एनबीएमध्येसुद्धा स्क्रीनवरून झालेल्या गुणांची नोंद जाहीर व्हायला २०१६ साल उजाडलं. कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच कळेल. घोटा धरणाऱ्याच्या नावावर पकडीचा गुण पडतो. त्याच्या शेजारी हात धरून वाट बंद करणारा, ज्याच्यामुळे चढाईपटूला कोपऱ्याकडे जावं लागलं, तो नोंदीत येत नाही. पण कबड्डीच्या प्रशिक्षकाला विचारा, तो साखळीतल्या दुसऱ्या गड्याचं नाव आधी घेईल.

ड्यूकचाच आणखी एक माजी खेळाडू, शेन बॅटिए, याच्यावर मायकेल लुईस यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात एक गाजलेला लेख लिहिला होता. आकड्यांत न दिसणारा पण मैदानावर असला की संघ चांगला खेळतो असा खेळाडू, हा त्याचा विषय. बॅटिए मात्र महाविद्यालयात असताना मोठा तारा होता. झूबेकच्या वाट्याला तेवढंही कौतुक आलं नाही.

त्या वर्षी सगळ्या देशाचं लक्ष केंटकीकडे होतं. जॉन वॉल आणि डेमार्कस कझिन्स यांचा तो संघ. २०१० च्या एनबीए निवडीत पहिल्याच फेरीत केंटकीचे पाच खेळाडू उचलले गेले; वॉल तर पहिल्या क्रमांकावर. विजेत्या ड्यूकचे किती? शून्य. शायर, थॉमस, झूबेक या शेवटच्या वर्षाच्या तिघांपैकी एकालाही कोणी निवडलं नाही. केंटकी उपांत्यपूर्व फेरीत वेस्ट व्हर्जिनियाकडून हरला आणि त्याच वेस्ट व्हर्जिनियाला ड्यूकने पुढच्या सामन्यात २१ गुणांनी हरवलं. एकेका खेळाडूची किंमत आणि संघाची किंमत या दोन वेगळ्या बेरजा आहेत, आणि दुसऱ्या बेरजेत झूबेकसारख्यांचा हातचा धरावा लागतो. त्यानंतर न्यू जर्सी नेट्सने झूबेकशी करार केला, पण तो टिकला नाही. काही काळाने त्याने न्यू जर्सीतल्या आपल्या हॅडनफिल्ड गावी बेकरी काढली आणि तिथे क्रीम पफ विकले.

राहिला अंतिम सामना. सत्तर हजारांहून जास्त प्रेक्षक. ड्यूकचे ६१ गुण असे: सिंगलर १९, शायर १५, स्मिथ १३, झूबेक ८, थॉमस ६. बेरीज करून पाहा, बरोबर ६१ होते. राखीव बाकावरून एकही गुण आला नाही. जे काही झालं ते सुरुवातीच्या पाच जणांनी केलं. झूबेकचे १० रिबाउंड. बटलरचे फक्त साडेचौतीस टक्के नेम बसले.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा ६०-५९. चेंडू बटलरकडे. त्यांचा सर्वोत्तम खेळाडू गॉर्डन हेवर्ड उजव्या कडेने अंतिम रेषेपर्यंत शिरला. समोर झूबेक आला. चपळ हेवर्डपुढे जड पायांचा सेंटर एकटा सापडणं हे बचावाच्या दृष्टीने धोक्याचं, आणि फाउलची सवय असलेल्या खेळाडूसाठी तर फारच. झूबेकने हात उभे वर ठेवले, अंग पुढे टाकलं नाही. हेवर्डला मागे झुकून, त्या हातांच्या वरून चेंडू फेकावा लागला. चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून उसळला आणि तो झूबेकनेच घेतला. लगेच त्याच्यावर फाउल झाला. घड्याळात ३.६ सेकंद.

फ्री थ्रो हा झूबेकचा हुकमी भाग कधीच नव्हता. पहिला त्याने टाकला आणि तो बसला, ६१-५९. दुसऱ्याच्या आधी शशेफ्स्की यांनी त्याला तो मुद्दाम चुकवायला सांगितला. बटलरकडे टाइम आउट उरले नव्हते. नेम बसला असता तर त्यांना रेषेबाहेरून शांतपणे चेंडू आत टाकता आला असता. चुकला तर धावत्या घड्याळातच रिबाउंड घेऊन पळत सुटावं लागणार. या निर्णयावर नंतर बरीच चर्चा झाली, कारण फरक दोनच गुणांचा होता आणि तीन गुणांचा एक नेम पुरेसा होता. झूबेकने सांगितल्याप्रमाणे चेंडू रिंगवर आपटला. हेवर्डने तो घेतला, मैदानाच्या मध्याकडे धावला. त्याचा साथीदार मॅट हॉवर्ड याने सिंगलरला असा काही स्क्रीन घातला की तो आडवा झाला. बटलरच्या त्या रात्रीच्या सर्वोत्तम खेळींपैकी एक, आणि तिचीही नोंद कुठे नाही. हेवर्डने मध्यरेषेवरून फेकलेला चेंडू बोर्डला लागला, रिंगला लागला आणि बाहेर पडला.

सामन्याच्या अधिकृत तक्त्यात झूबेकच्या नावापुढे ८ गुण आहेत, १० रिबाउंड आहेत, आणि फ्री थ्रोच्या रकान्यात तो मुद्दाम चुकवलेला नेम चुकलेल्यांमध्येच धरलेला आहे.